जुळवून ठेवलेले साठ नमुने

सोमवारची परीक्षा पार पडली असती, तर माझ्या धाकट्या बहिणीची सहा वर्षांची हंगामी नोकरी कायम झाली असती. आणि तिच्याच वशिल्याने प्रयोगशाळेचा स्टोअरकीपर झालेल्या मलाही मग खिडकीची खोली मिळेल, असा माझा हिशेब होता. टापटिपीत माझा हात धरणारा त्या इमारतीत कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही!

धाकटी मऊ जेलच्या पट्ट्या बनवायची. मनगटावर गुंडाळून नाडी मोजणारं यंत्र त्यांतून व्हायचं होतं. पट्टी कापा, तुकडे टेकवा. मोडलेल्या हाडासारखी आपोआप जुळते, वीजही पुन्हा वाहते! साठ पट्ट्या, साठ वेगळ्या कृती. सर्वांत चांगली कोणती, ते सोमवारी समितीपुढे कापून ठरणार होतं.

शुक्रवारी निघताना ती म्हणाली, "दादा, नमुने तेवढे जुळवून ठेव."

"तू निर्धास्त जा गं!"

तिला म्हणायचं होतं, वहीतल्या आकड्यांशी ताडून ठेव. मी पट्ट्यांमधले चुरगळलेले, आकडे खरडलेले कागद फेकले आणि पट्ट्या एकीवर एक, कडेला कड लावून, जुळवल्या. वर वजनही ठेवलं!

सोमवारी कपाटात उशीएवढा एकच गोळा.

"दादा, मधले कागद?"

"कचरा होता तो!"

तिने सुरी घेतली. पुढे कापावं, तर मागची चीर मिटायची. मी दुसरं टोक धरून ओढलं. दारात समिती उभी राहिली, तेव्हा आम्ही वाटणीवरून भांडणारी भावंडं दिसत होतो!

अध्यक्षांनी गोळ्याला तारा लावल्या. दिवा लागला.

"वा, बाई! जुळतं की! यातली कृती कोणती?"

"साठही, सर."

"मग पुन्हा बनवा."

"वर्ष लागेल."

"तुमची मुदत तर महिनाअखेर संपते."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

महिनाअखेर किल्ल्या देताना ती एवढंच म्हणाली, "आता मी नाही इथे. लोकांशी जुळवून घे, दादा."

वहीत नोंद मीच केली: नमुने आले साठ, उरला एक. नोकरी गेली ती तिची. मला मात्र खिडकीची खोली मिळाली.

तिचीच. रिकामी झाली होती ना!