खरखरीसकट

अहमदपूरच्या माधवराव सरांच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि लग्नात मिळालेलं घड्याळ बिनचूक चालत होतं. वस्तू कशी जपावी, यावर सर कुणालाही न विचारता व्याख्यान देत. अशा माणसाचा मुलगा अंबरीश, दिवसभर खोलीत बसून गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. आता काय म्हणावं!

तुकडा होता जॅझ-फंक नावाच्या जुन्या अमेरिकन संगीताचा. ग्रामोफोनच्या तबकडीतला चार सेकंदांचा बाजा उचलायचा, तोच फिरवत ठेवायचा, खाली ठेका बसवायचा, की झाली हिप-हॉपची बीट. तिच्यावर करिश्मा नावाची मुलगी नांदेडच्या कार्यक्रमात मराठी रॅप करणार होती. अंबरीशचं हे पहिलंच काम. सरांना त्यातलं एवढंच कळलं, की सुई अडकलीय.

"पोरगं लई कष्ट करायलंय, अन् तबकडी पुढंच सरकंना. वर ती खरखर! मळलीय ती."

"तुम्ही हात लावू नका," इंदूताई म्हणाल्या.

बायकोनं नको म्हटल्यावर सर थांबतात होय! अंबरीश करिश्माला भेटायला नांदेडला गेला, तशी सरांनी प्लेअरवरची तबकडी अलगद उचलली, रिठ्याच्या पाण्यानं चोळून धुतली आणि गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातली. मे महिना होता. जेवून, जरा पडून वर जाऊन बघतात तर तबकडीची परात झालेली!

"इंदूऽऽ!"

"अगं बाई! हे काय करून ठेवलंत?"

"घाबरू नको. गरमीनं वाकली, गरमीनंच सरळ होईल. इस्त्री आण."

वर टॉवेल टाकून सरांनी इस्त्री फिरवली. मग टॉवेल उचलून बघितलं. तबकडी सरळ झालीच नव्हती. उलट तिच्या सगळ्या रेघा जाऊन त्यांच्या जागी टॉवेलची नक्षी उठली होती.

"पोराचं पहिलं काम गं," सर इस्त्री बाजूला ठेवत म्हणाले. "अन् बापानंच बुडवलं."

संध्याकाळी अंबरीश आला तो हसतच. "करिश्माला लई आवडलं, बाबा! जरासं बदलायचं राहिलंय," म्हणत खोलीत शिरला. सर धीर करून, तबकडी हातात घेऊन दारापर्यंत गेले, तोच आतून बाजा सुरू झाला. तोच तुकडा. खरखरीसकट!

सरांनी हातातल्या तबकडीकडं पाहिलं, मग दाराकडं. अंगावर सर्रकन काटा आला.

"इंदू, ही तर माझ्या हातात हाय! मग आत काय वाजायलंय?"

त्यांचा आवाज ऐकून अंबरीश बाहेर आला आणि ती परात बघून जागीच थिजला. सरांनी सगळं कबूल केलं.

"ते कॉम्प्युटरमधून वाजायलंय, बाबा. मी पहिल्याच दिवशी उतरवून घेतलं होतं."

"मग सुई अडकत नव्हती?"

"मीच तसं फिरवत ठेवलंय."

"अन् खरखर?"

"तीच तर पाहिजे!"

"म्हणजे तुझं काम बुडालं नाही! सुटलो रे बाबा!" सर धपकन सोफ्यावर बसले.

"काम वाचलं," अंबरीश हळूच म्हणाला, "पण तबकडी श्रीनाथ गुरुजींची हाय. कुणालाच देत नाहीत. 'माधवचा पोरगा म्हणजे जपणारच' म्हणून दिली. आज न्यायला यायलेत."

सर ताडकन उठले. श्रीनाथ गुरुजी म्हणजे त्यांचे शाळेतले मास्तर. त्यांच्यासमोर सर निवृत्तीनंतरही खुर्चीत बसत नसत. तेवढ्यात फाटक करकरलं.

"माधव, हायेस का घरात?"

इंदूताईंनी तबकडी कुरडयांच्या डब्यामागं सारली. खोलीतला बाजा बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. गुरुजी दारातच थांबले, कान देऊन ऐकू लागले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वा! तीच खरखर! माधव, काय जपलीस रे! राहू दे पोराकडं. वाजायली तोवर मला घाई नाही."

सरांनी घाईघाईनं मान हलवली.

नांदेडचा कार्यक्रम झाला, करिश्मानं टाळ्या घेतल्या, अंबरीशला दुसरं कामही मिळालं. पण रोज सकाळी गुरुजी फिरायला निघून कोपऱ्यावर दिसले, की सर हातातला चहा तसाच ठेवून खोलीकडं धावतात.

"अंबरीश, लाव रे लवकर!"

"बाबा, आज नवीन केलंय. ते लावू?"

"गप! तेच लाव. अन् खरखर वाढव जरा, गुरुजींना कमी ऐकू येतं!"