बावीस सेकंदांचा सोलो

"झालं का हो सोन्याचं गाणं?" बायकोने फोनवर सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं आणि रेकॉर्डिस्टने तिसऱ्यांदा दात आवळून 'होतंय' म्हटलं. सोन्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय एकतीस, केस कमरेपर्यंत, दंडावर कवटी गोंदलेली, आणि तरी अख्ख्या सासुरवाडीचा सोन्या. 'लोखंडी जबडा' या हेवी मेटल बँडचा तो गिटारवादक होता आणि बँडचं पहिलंवहिलं गाणं आज, शुक्रवारी, दुपारी बारा वाजता प्रसिद्ध व्हायचं होतं.

यात मेहुण्याचा गुन्हा एवढाच की ती जागा नऊ वर्षांपूर्वी रेकॉर्डिस्टची होती. लग्न ठरताना सासरेबुवा नुसते त्याच्या केसांकडे बघत राहिले होते. त्याने केस कापले, बँड सोडला आणि एका स्टुडिओत नोकरी धरली. तिथे तो लिफ्टमधल्या आणि बँकेच्या फोनवरच्या सूचना रेकॉर्ड करायचा. 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहा' हे एक वाक्य त्याने गेल्या महिन्यात चौदा बायकांकडून म्हणवून घेतलं होतं. आणि रिकाम्या जागेवर कोण जाऊन बसलं? तर बँडचे स्पीकर उचलायला येणारा मेहुणा!

घरचाच माणूस म्हणून गाण्याचं मिक्सिंग रेकॉर्डिस्टच्या गळ्यात पडलं. गाण्याच्या मध्यावर एक सोलो होता, म्हणजे बाकीचे जरा मागे सरतात आणि गिटार एकटीच बावीस सेकंद भाव खाते तो तुकडा. मेहुण्याने तो तेवीस वेळा वाजवून ठेवला होता. "भावोजी, यातला बरा वाटेल तो टेक घ्या. तुमच्या कानावर माझा पूर्ण भरवसा."

रेकॉर्डिस्टने तेवीसही टेक ऐकले. वाईट नव्हते, हेच तर वाईट होतं. गाणं तसं जुनंच, त्याच्या काळात बांधलेलं. तेव्हा त्याने स्वतः वाजवलेला सोलो एका जुन्या डिस्कवर पडून होता. नुसता ऐकून तरी बघू म्हणून त्याने तो लावला. मग नुसता बसतो का बघू म्हणून गाण्यात बसवला. तो इतका चपखल बसला की साडेअकरा वाजता रेकॉर्डिस्टने डोळे मिटून गाणं तसंच पाठवून दिलं.

पुढचं सगळं त्याने मनात आखलं होतं. बारा वाजता गाणं येईल. बारा वाजून तीन मिनिटांनी मेहुणा ओरडेल, "हा मी नव्हेच!" सगळे विचारतील, "मग कोण?" आणि आढेवेढे घेत, मान खाली घालून आपण कबूल करायचं. मान खाली घालायचा सरावही त्याने स्टुडिओच्या काचेत बघून दोनदा केला.

बारा वाजून तीन मिनिटांनी फोन आला तो ड्रमरचा.

"काय ड्रम बसवलेस रे! अंगावर काटा आला."

"आणि सोलो?"

"कुठला सोलो? अरे, तिथे माझं डबल पेडल आहे ना, ते ऐक!"

मग गायिकेचा आला. ही बाई एरवी दातांच्या दवाखान्यात हळुवार आवाजात 'पुढचे पेशंट' म्हणायची आणि गाण्यात वाघिणीसारखी डरकाळी फोडायची. तिने फक्त स्वतःच्या डरकाळ्या ऐकल्या होत्या. शेवटी एकदाचा मेहुण्याचा आला.

"भावोजी..." तो म्हणाला. "कितवा टेक घेतलात हो?"

"का? ओळखू येत नाही?"

"न यायला काय झालं? अठरावा! वाजवतानाच मला वाटलं होतं, आज हात लागलाय."

रेकॉर्डिस्टची खाली घातलेली मान तशीच खाली राहिली.

संध्याकाळी घरी पोचला तर बायको गाणं अकराव्यांदा ऐकत होती. "ऐका जरा. असं काळजातून यावं लागतं. तुमचं वाजवणं कसं, स्वच्छ असायचं, पण आपलं फरशी पुसल्यासारखं."

'ही तीच फरशी आहे!' हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि पाण्याबरोबर घशाखाली गेलं. आजवर तो मेहुण्याच्या कौतुकावर जळत होता. आता तो स्वतःच्याच कौतुकावर जळत होता, आणि याची आग कितीतरी जास्त होती. शेवटी आतल्या खोलीत जाऊन त्याने 'जाणकार' या खोट्या नावाने गाण्याखाली लिहिलं, 'सोलो बँडच्या जुन्या गिटारवादकाचा वाटतो. काय तो हात!'

दोन मिनिटांत उत्तर आलं. 'शक्यच नाही. तो जुना गिटारवादक माझ्या घरी असतो. आत्ता आतल्या खोलीत मोबाईल घेऊन बसलाय.' खाली बायकोचं नाव होतं. त्या उत्तराला दोनशे बारा लोकांनी बदाम दिले.

आठवड्याने मेहुणा गिटार घेऊन घरी आला. चेहरा पार उतरलेला.

"ताई, पुढच्या शनिवारी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरलाय. आयोजकांना सोलो हवाय, आणि तो मला जमत नाहीये. पहिली सहा सेकंदं येतात, पुढे गाडं अडतं. त्या दिवशी कसा वाजवला, कोण जाणे!"

"येईल रे राजा. तुझाच आहे तो," बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

आता मात्र रेकॉर्डिस्टच्याने राहवेना. "त्याचा कसा येईल? त्याचा नाहीच तो! माझा आहे!" म्हणत त्याने जुन्या डिस्कपासून सगळी हकिगत एका दमात सांगून टाकली. बोलून झाल्यावर तो कौतुकाची वाट बघत उभा राहिला.

बायकोने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "इतका जीव जळतो माझ्या भावावर?"

"अगं, डिस्क दाखवतो ना!"

"तुमचंच मशीन, तुमचीच डिस्क. हवी ती तारीख घालाल. ही घ्या गिटार. वाजवा."

त्याने गिटार मांडीवर घेतली. पहिले तीन सूर नीट आले. चौथ्याला नऊ वर्षं आडवी आली. माऊस फिरवून मऊ पडलेल्या बोटांत तार रुतली, करंगळी पोचायची तिथे पोचलीच नाही, आणि सातव्या सुराला गिटार अशी किंचाळली की बायकोने कानांवर हात ठेवले.

मेहुणा हसला नाही. हसला असता तर परवडलं असतं. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं. खुर्ची ओढून तो अगदी शेजारी येऊन बसला.

"भावोजी, तुम्हाला हा सोलो वाजवायचाय, एवढंच ना? सरळ सांगायचं की! मी काय परका आहे?"

"अरे, पण मी..."

"हे बघा, तिसरं बोट तिथे टेकवू नका. मीही चार दिवस तिथेच चुकत होतो." त्याने गिटार घेऊन पहिली सहा सेकंदं वाजवून दाखवली. तंतोतंत होती. रेकॉर्डिस्टला मेहुण्याच्या बोटांचा हेवा वाटला, आणि आपल्या नऊ वर्षांपूर्वीच्या बोटांचा तर त्याहून जास्त वाटला.

"लक्ष देऊन शिका हो," बायको म्हणाली. "घरचा आहे म्हणून एवढं समजावून सांगतोय."

रेकॉर्डिस्टने गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि तिसरं बोट उचललं.

"परत एकदा दाखव," तो म्हणाला. "जरा सावकाश."