पायगुण आणि बॉल जॉइंट

एका जंगलात अस्वलांचं एक घर होतं. त्या घराला एक खिडकी होती. खिडकीच्या आत नवी सून ओवी मध गाळत होती, आणि बाहेर अंगणात तिचे सासरे, आबा अस्वल, सासूबाईंना, म्हणजे माईंना, हळू आवाजात सांगत होते, "गाडीत काही बिघाड नाही गं. हिचा पायगुणच बरा नाही."

हळू आवाजात म्हणजे अस्वलाच्या हळू आवाजात. चार झाडांपलीकडच्या सशानंही ते ऐकलं.

बाळांनो, पायगुण म्हणजे काय? घरात सून आल्यावर जे बिघडतं, त्याला पायगुण म्हणतात. जे सुधारतं, त्याला घराण्याची पुण्याई म्हणतात. सोपं आहे.

गाडी म्हणजे मधाच्या बरण्या बाजारात नेणारी व्हॅन. ओवीपेक्षा ती वयानं मोठी होती. लग्नाच्या आठव्या दिवसापासून ती वाजायला लागली. खड्डा आला की पुढच्या डाव्या चाकात कडक! वळण आलं की कर्र!

आबांनी शास्त्रशुद्ध तपास केला. ओवीला पुढे बसवलं, गाडी वाजली. मागे बसवलं, वाजली. घरी ठेवलं, तरी वाजली.

"बघा," आबा म्हणाले, "घरी बसूनसुद्धा हिचा पायगुण पोचतो!"

"पंधरा दिवस माहेरी पाठवू या," माई म्हणाल्या. "आवाज थांबला तर कळेलच."

ओवीचा हात थांबला. लग्नाला महिना झाला नव्हता. एवढ्यात एकटी परत गेली, तर माहेरच्या वाटेवरची प्रत्येक कोल्हीण थांबवून विचारणार, काय गं, परत पाठवलं का? शिवाय आवाज थांबणार नव्हता. मग पंधराचे तीस होणार आणि तिसाचे किती, ते कोण सांगणार?

तिच्या माहेरी गॅरेज होतं. लग्न ठरताना हे कुणी विचारलंच नाही. झाडावर चढता येतं का, आवाज कसा आहे, केस मऊ आहेत का, एवढंच विचारलं. ओवीनंही सांगितलं नाही. तिला मुळातच बोलायचा कंटाळा.

तिच्या नवऱ्याला, भार्गवला मात्र वाईट वाटलं. "आबा, एकदा चाक तरी बघू या," तो म्हणाला.

आबांनी उभ्या गाडीचं चाक दोन्ही पंज्यांनी धरून हलवलं. "हलतंय? नाही हलत. झालं समाधान?"

पाणी प्यायला आत आलेल्या भार्गवला ओवी म्हणाली, "अहो, गाडीचा सगळा भार चाकावर असताना ते कसं हलेल? जॅक लावून उचला. मग वर-खाली धरून हलवा."

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही आधी हलवा."

भार्गवनं बाहेर जाऊन तेच स्वतःचं म्हणून सांगितलं. चाक उचललं, हलवलं. टक टक टक! म्हाताऱ्याच्या दातासारखं डुगडुगलं.

"बॉल जॉइंट!" आबा ओरडले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो!"

बाळांनो, आपल्या खांद्यात कसा गोळा वाटीत बसतो आणि हात फिरतो, तसा हा चाकाचा खांदा. वाटी झिजली की गोळा खुळखुळतो. पार निसटला की चाक एकीकडे जातं आणि आपण दुसरीकडे.

नवा बॉल जॉइंट आला. बसवायला शेजारचे वानरकाकाही आले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण मोबाइलवर त्यांनी चौदा व्हिडिओ पाहिले होते. नट निघाला. जॉइंट निघेना.

"खालून ठोका," काका म्हणाले. आबांनी ठोकलं. "जोरात ठोका!" आबांनी जोरात ठोकलं. जॉइंट तसाच राहिला. आबांचा अंगठा सुजला.

ओवी चहा घेऊन आली. भार्गवला कप देताना पुटपुटली, "खालून नका. तो ज्या कड्यात अडकलाय ना, त्या कड्यावर बाजूनं दोन मारा."

भार्गवनं दोन मारले. टण्ण, टण्ण. जॉइंट टपकन खाली पडला.

"माझ्या ठोक्यांनी सैल झाला होता," आबा म्हणाले.

"चौदाव्या व्हिडिओत हेच आहे," काका म्हणाले.

नवा जॉइंट बसला, चाक चढलं. आबांनी अंगणात फेरी मारली. गाडी अगदी गप्प. माईंनी नारळ फोडला. ओवीला वाटलं, सुटले.

तेवढ्यात आबा विचारात पडले. "चमत्कार बघा. हिला पाठवायचं नुसतं ठरवलं, तर आवाज गेला! खरंच पाठवलं, तर इंजिनसुद्धा सुधारेल."

"मुहूर्त चांगला आहे," माई म्हणाल्या. "ह्याच गाडीनं सोडून या."

भार्गव पेटी आणायला आत गेला. ओवीची पेटी गाडीत चढली. ती गुपचूप चहाचे कप गोळा करायला वाकली आणि थबकली. बशीत, बिस्किटाच्या चुऱ्यात, बोटाएवढी एक लोखंडी पिन पडली होती. नट फिरून निघू नये म्हणून त्यात अडकवायची, ती.

ओवीनं ती पिन उचलली, आबांच्या समोर धरली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"आबा, माहेरी जायला माझी ना नाही. पण ही पिन लावायची राहिलीय. मला सोडून तुम्ही घाट उतरायला लागाल, तेव्हा नट निघेल आणि चाक जाईल. मी तर गाडीत नसेन, घरीही नसेन. तेव्हा पायगुण कुणाचा धरायचा, ते आत्ताच ठरवून ठेवा."

तात्पर्य: मुलींनो, येत असलेलं काम सासरी कधी बोलून दाखवू नये. पेटी गाडीतून परत उतरते, पायगुण एका दिवसात सुधारतो, हे खरं. पण मग गाडी दुरुस्त तुम्हीच करायची आणि चहाही तुम्हीच करायचा. मेकॅनिकला निदान चहा तरी आयता मिळतो.