गेलाच धरा, डॉक्टर!

"वर्षाच्या आत हँडिकॅप पाचावर आणला नाही, तर दवाखान्याची पाटी उतरवीन!" दातांच्या डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं.

सासरेबुवांनी चमचा खाली ठेवला. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. ती जितकी कमी, तितका माणूस तालेवार! सासरेबुवांनी उभी हयात घाम गाळला, तरी त्यांची सूट अठराच्या खाली उतरली नव्हती.

"जावईबापू, पाचावर यायला लोकांचे गुडघे झिजतात."

"गुडघे कशाला, मामा? डोकं लागतं!"

आणि खरंच, आकडा भराभर उतरायला लागला! डॉक्टर दर रविवारी बेकरीवाले, वकील आणि मुख्याध्यापक यांच्याबरोबर खेळत. तिघेही त्यांचेच पेशंट. बेकरीवाल्यांचं रूट कॅनाल अर्धवट, वकिलांची कॅप बसायची बाकी आणि मुख्याध्यापकांची अक्कलदाढ मंगळवारी निघायची होती. पहिल्याच रविवारी डॉक्टरांचा चेंडू भोकापासून वीतभर अलीकडे थांबला.

"राहू द्या डॉक्टर, गेलाच धरा!" गाल चोळत बेकरीवाले म्हणाले.

"धराच!" बाकीचे दोघे म्हणाले.

पुढे सोडायचं अंतर वाढत वितीचा हात झाला, हाताची खाट झाली. मग तर चेंडू घरंगळत असतानाच "गेला, गेला!" असा गजर व्हायला लागला.

"माझ्या खेळाचा दबदबाच तसा आहे," डॉक्टर घरी सांगत.

"दबदबा आहे खरा," बायको म्हणे आणि कपड्यांच्या घड्या घालत राही.

वर्ष सरायच्या आत हँडिकॅप पाच! डॉक्टरांची छाती शर्टात मावेना. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून ते त्याला एकेक फटका समजावून सांगत. मधे बोलायची सोयच नाही! क्लबनंही त्यांना शेजारच्या क्लबविरुद्धच्या सामन्यात उतरवलं, आणि सासरेबुवा खुर्ची घेऊन बघायला आले.

समोर होत्या पोस्टातल्या एक बाई. दात ठणठणीत, डॉक्टरांची ओळखसुद्धा नाही.

पहिल्याच भोकापाशी डॉक्टरांचा चेंडू वीतभर अलीकडे थांबला. डॉक्टर हसून उभे राहिले. बाई झाडांकडे बघत होत्या. डॉक्टर खाकरले.

"बाई, हा... एवढासाच आहे."

"मग मारा ना."

"मारू?"

"मारा नाहीतर काय, फुंकणार आहात?"

डॉक्टरांनी मारला. चेंडू भोकाला वळसा घालून पलीकडे गेला. पलीकडून मारला, तो अलीकडे आला! वर्षभरात हा फटका त्यांनी कधी मारलाच नव्हता. प्रत्येक भोकापाशी हीच झटापट. सामना संपला तेव्हा डॉक्टरांना सासरेबुवांकडे बघायची लाज वाटत होती.

"जावईबापू, तो पाचाचा आकडा खरा होता ना?" सासरेबुवांनी हळूच विचारलं.

हे मात्र डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. सोमवारी बेकरीवाले खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं, त्यांच्या तोंडापाशी आणलं आणि थांबले.

"अगदी खरं सांगा. तुम्ही सोडलेले ते चेंडू, मी मारले असते तर गेले असते?"

बेकरीवाल्यांनी गरगरणाऱ्या ड्रिलकडे पाहिलं.

"सगळे, डॉक्टर! एकूण एक!"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी ड्रिल तसंच हातात धरून सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, आकडा खराच आहे! अगदी तिऱ्हाईत माणसाला विचारलं!"