ग्नू दरवर्षी येतात

जर्मनीत सुट्टी घेणं हे कर्तव्य आहे, आणि ते नीट पार पडलं की नाही हे सुट्टी संपल्यावर तपासलं जातं. स्टुटगार्टजवळच्या एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला लहू वाघमारे या तपासणीत वर्षानुवर्षं नापास होत आला होता.

कारण साधं होतं. दर ऑगस्टला लहू बायको कांता आणि मुलगी क्रांती यांना घेऊन पुलगावला आईकडे जायचा. तिथे बारशी, साखरपुडे, भावाच्या प्लॉटचं भांडण आणि क्रांतीचे जुलाब हे सगळं उरकून परतायचा, तेव्हा गेला होता त्याहून जास्त थकलेला असायचा. सप्टेंबरात विभागातल्या प्रत्येकाने आपले फोटो पडद्यावर दाखवायची पद्धत होती. कुणाचे नॉर्वेचे कडे, कुणाचे ग्रीसचे समुद्र. लहूच्या फोटोंत मात्र तीच माणसं त्याच सोफ्यावर बसून कॅमेऱ्याकडे रोखून बघत. "हे मागच्या वर्षीचे तर नाहीत ना?" असं कुणीतरी सौजन्याने विचारी.

शेवटी विभागप्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, बॉयमलर यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"हेर वाघमारे, सुट्टी कायद्याने एर्होलुंगसाठी, विश्रांतीसाठी दिलेली आहे. माणूस ताजातवाना होऊन कामावर आला पाहिजे. तुम्ही ताजे दिसत नाही."

"मी घरी गेलो होतो," लहू म्हणाला.

"गेनाऊ! तेच तर. घर म्हणजे सुट्टी नव्हे. पुढच्या वर्षी खऱ्या सुट्टीवर जा. निसर्ग, प्राणी, असं काहीतरी."

साहेबाची सूचना म्हणजे हुकूमच. त्यात आडनावातच वाघ मारलेला असल्यामुळे लहूला प्राण्यांपासून माघार घेणं शोभलं नसतं. केनियाच्या सफारीचं माहितीपत्रक घरात आलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'महान मिग्राट्सिओन', म्हणजे स्थलांतर.

तो शब्द वाचून कांता दचकली. शाळेच्या बाईंनी मागे तिला बोलावून, क्रांतीला 'मिग्राट्सिओन्सहिंटरग्रुंड' आहे, असं फार हळुवार आवाजात सांगितलं होतं. त्याचा अर्थ इतकाच, की पोरीचे आईबाप बाहेरून आलेले आहेत. पण त्या आवाजावरून कांताने तो मायग्रेनचा प्रकार समजून पोरीच्या दप्तरात आठवडाभर बाम पाठवला होता.

"आता हे त्या जनावरांनाही आहे का?" कांताने विचारलं.

"नाइन, मामा," क्रांती नेहमीप्रमाणे आईला जर्मनमध्ये म्हणाली, "ही ग्नूंची मिग्राट्सिओन आहे. ही चांगली असते."

प्रश्न एकच उरला. कांताने तो स्वयंपाकघरात हळूच काढला.

"अहो, आणि आईंचा डोळा?"

आईचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते. पोरगं आल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही, असं तिने डॉक्टरांना बजावलं होतं. लहूने फोन लावला. सुट्टी, कायदा, एर्होलुंग, साहेबाचं म्हणणं, सगळं समजावून सांगितलं.

"बरं बाबू," आई म्हणाली, "डोळे कुठं पळून जाते. पुढच्या साली करू. जय भीम."

लहूला फार वाईट वाटलं. इतकं, की त्याने त्याच दिवशी आणखी चांगला कॅमेरा घेतला.

मग रीतसर कागदपत्रं झाली. ग्नूंचे कळप टांझानियातून केनियात बिनापासपोर्ट ये-जा करतात. ते बघायला वाघमारे कुटुंबाला मात्र व्हिसा, फोटो, पगाराचा दाखला आणि आपण जर्मनीला नक्की परत जाऊ याची हमी द्यावी लागली. ग्नूंकडून अशी हमी कुणी घेत नाही.

नदीकाठी जीप थांबली. तोंड म्हशीचं, दाढी बोकडाची, असं ते जनावर. समोरच्या तीरावर हजारोंनी उभं होतं आणि पाण्यात मगरी वाट बघत होत्या. पहिल्याने उडी घेतली आणि मागून सगळा कळप धडाधड कोसळला. जीपमधले जर्मन श्वास रोखून बसले.

"अहो, यांना वाट कशी हो आठवते?" कांताने विचारलं.

"थांब, फोटो हलेल," लहू म्हणाला.

सप्टेंबरात पडदा लागला. ग्नू नदीत उतरले तसा विभाग पुढे सरसावून बसला. हेर बॉयमलर यांनी चष्मा काढून पुसला.

"बघा," ते म्हणाले, "मगरी आहेत, तरी येतात. दरवर्षी. त्याच ठिकाणी. आपण माणसं हे विसरलो."

सगळ्यांनी उसासा टाकला. लहूनेही टाकला. तो पास झाला होता.

"आल्झो, मग पुढच्या वर्षी कुठे?" हेर बॉयमलर यांनी विचारलं.

पुलगाव हे नाव लहूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सगळा विभाग इतक्या आदराने त्याच्याकडे बघत होता.

"पेंग्विन," तो म्हणाला.

विभागाने माना डोलावल्या.

रविवारी त्याने आईला फोन केला. निवडक फोटो मोठे करून त्याने पोस्टाने पाठवले होते.

"पोचले बाबू. सगळ्यायनं पाह्यले. मले काही दिसत नाही अजून. तूच सांग, काय पाह्यलं."

लहूने सांगितलं. नदी, मगरी, पलीकडचं गवत, सगळं.

"मगरी असते, तरी येते?"

"हो, आई."

"दरसाली?"

"हो."

"त्यायच्या हापिसात कोणी इचारत नसन, सुट्टीत कुठं गेलता म्हणून," आई म्हणाली.

लहूला हसू आलं, आणि मग ते तोंडावरच अडकलं. तुम्हांलाही आत्ता हसू आलं असेल. हरकत नाही. पुढच्या वर्षीच्या सुट्टीचा तक्ता अजून कोराच आहे. पण पेंग्विनांची चौकशी तुम्हीही करून ठेवली आहे, हे आम्हांला ठाऊक आहे.