डाव्याचा मान

त्रिशला मगदूमच्या नव्या आइस हॉकी स्केट्सपैकी डावा सोमवारी सकाळी रुसला, आणि रविवारी तर सामना होता.

रुसण्याचं कारण साधं होतं. जोडी घरात आली तेव्हा रत्ना आत्तीनं दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, उजव्याला हळदकुंकू लावलं आणि डाव्याकडं बोट नेणार एवढ्यात आत दूध उतू गेलं. आत्ती दूध वाचवायला पळाली ती पळालीच. डावा दारात कोरडा राहिला. मान राहून जातो तो असाच. मुद्दाम अपमान करायला एवढा वेळ कुणाकडं असतो?

नवे स्केट्स सुरुवातीला पायाला त्रास देतात, हे नांदवाडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गावात दूध संघाचा बर्फाचा कारखाना आहे, त्याच्या मागच्या शेडमध्ये बर्फाचं मैदान आहे, आणि गावातल्या निम्म्या लोकांचे घोटे कधी ना कधी सोलवटलेले आहेत. चार दिवस दुखतं, मग चामडं घोट्याशी जमवून घेतं. उजव्यानं रीतसर जमवून घेतलं. डावा मात्र दिवसेंदिवस ताठत गेला. बुधवारी त्याच्यात पाय घालणं म्हणजे खलबत्त्यात पाय घालण्यासारखं झालं.

त्रिशलाच्या जिवाला चैन नव्हती. गेले तीन हंगाम ती राखीव खेळाडू होती. राखीव म्हणजे बाकावर बसायचं, दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि कुणाचं तरी हाड मोडावं असं मनात येऊ न देण्याचा प्रयत्न करायचा. यंदा पुढच्या फळीतली प्रणाली लग्न होऊन सोलापूरला गेली आणि जागा मोकळी झाली. त्यात रविवारच्या सामन्याला पुण्याहून राज्य संघाच्या निवड समितीच्या बाई येणार होत्या. जुन्या स्केटचं पातं तर गेल्याच आठवड्यात तुटलं होतं. एका पायात स्केट, एका पायात चप्पल अशी ती घरभर येरझाऱ्या घालायची. फरशीवर ओरखडे उठले.

गुरुवारी प्रशिक्षक महावीर सर घरी आले. सर शाळेत खेळ शिकवायचे आणि हाडंही बसवायचे. त्यांनी डावा हातात घेतला, वाकवून बघितला, वास घेतला आणि खाली ठेवला. ठेवल्याबरोबर त्यानं नाक भिंतीकडं वळवलं.

"हे चामड्याचं दुखणं न्हाई," सर म्हणाले. "रुसलाय ह्यो."

"मी काय केलं त्याला?" त्रिशला रडकुंडीला आली.

"तिला सांगा," डावा भिंतीकडं बघत म्हणाला, "आम्हाला काही नको. आम्ही आपले बरे आहोत."

रुसलेल्या माणसाला काही नको असतं तेव्हा त्याला सगळंच हवं असतं, हे घरात सगळ्यांना कळलं. आत्ती कुंकवाचा करंडा घेऊन धावली. पण डाव्यानं तिला जवळ येऊ दिलं नाही. सोमवारचा मान गुरुवारी म्हणजे शिळ्या कढीला ऊत, असं त्याचं म्हणणं पडलं. वडिलांनी शाल आणि नारळ आणला. डावा म्हणाला, सत्कार निवृत्त माणसांचा करतात. शेजारच्यांनी फेटा सुचवला. डाव्यानं विचारलं की फेटा नक्की कुठं बांधणार.

शेवटी प्रकरण तंटामुक्ती समितीकडं गेलं. अध्यक्ष शामगोंडा पाटील यांनी बांधाचे, पाण्याचे आणि कोंबड्यांचे बरेच तंटे मिटवले होते. स्केटचा तंटा त्यांच्याकडं पहिलाच होता, पण त्यांनी तसं चेहऱ्यावर दाखवलं नाही. समाजमंदिरात सतरंजी अंथरली, दोन्ही स्केट समोरासमोर ठेवले आणि आधी उजव्याला विचारलं.

"तुमचं काय म्हणणं हाय?"

"मी कुंकू मागितलं नव्हतं," उजवा म्हणाला. "लावलं, लावून घेतलं. माझी काही तक्रार नाही."

"बघा," डावा अध्यक्षांना म्हणाला. "पोट भरलेल्याची कधी तक्रार असते का?"

समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी डाव्याला त्याची मागणी विचारली. तो म्हणाला, "नव्याला दारात मान देतात. तो मला पाहिजे. पण या घरात मी आता नवा नाही."

हे ऐकून त्रिशलाला पहिल्यांदाच त्याचा राग न येता वाईट वाटलं. बाकावर बसून बसून तीही जुनी झाली होती, एकदाही नवी न होता.

समितीनं विचार केला. डाव्याला नवा व्हायचं तर कधी न पाहिलेल्या दारात गेलं पाहिजे. गावातली घरं चालणार नाहीत, कारण सगळी भावकी, आणि आत्तीच्या हातून झालेली चूक भावकीत सगळ्यांची धरली जाते. आजूबाजूच्या गावांत सोयरीक आहे, म्हणजे तीही घरं बाद. ज्या गावात नांदवाडीनं मुलगी दिली नाही आणि तिथून केली नाही, असं पंचक्रोशीत एकच गाव होतं. माळेवाडी. आणि रविवारचा सामना माळेवाडीशीच होता. सोयरीक नव्हती ती हॉकीमुळंच.

"शत्रू असला म्हणून काय झालं," अध्यक्ष म्हणाले. "दारात आलेल्या पाव्हण्याला कोण न्हाई म्हणत न्हाई."

हा ठराव एकमतानं झाला. पुढं काय होईल याचा विचार एकालाही सुचला नाही. तंटा मिटवायच्या घाईत माणसं एवढीच चूक करतात.

शुक्रवारी त्रिशला डाव्याला पिशवीत घालून एसटीनं माळेवाडीला गेली. तिथल्या संघाची कर्णधार सुवर्णा हेरवाडे हिच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि परात बाहेर आणली. डाव्याचं पातं दुधापाण्यानं धुतलं. दारात ओवाळलं, कुंकू लावलं, आत पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली आणि पानात पुरणपोळी वाढली. वर तूप, तेही हात आखडता न घेता. डाव्याचं चामडं तूप पीत गेलं. त्रिशला बाहेरच्या सोप्यात बसून होती. मान डाव्याचा होता, त्यामुळं तिला चहा मिळाला. ती दर घटकेला उठून आत डोकवायची आणि परत बसायची.

"जरा दमानं घ्या की ताई," सुवर्णा म्हणाली. "पाव्हणा जेवतोय."

निघताना सुवर्णाच्या आईनं डाव्याच्या नाडीला नवा गोंडा बांधला. एसटीत त्रिशलानं न राहवून पाय घालून बघितला. तिचा घोटा त्याच्यात असा बसला की तिला हुंदका आला. इतकं मऊ तिच्याशी आजवर कुणी वागलं नव्हतं.

रविवारी शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पुण्याच्या बाई स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्रिशला बर्फावर उतरली, पहिल्याच झटक्यात तिनं खेळाची रबरी चकती मिळवली, डाव्या पायावर वळली आणि थेट आपल्याच गोलात मारली.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना बोलावलं.

"काय केलंस हे?" महावीर सर ओरडले.

"मी न्हाई केलं!" त्रिशला म्हणाली. "डाव्यानं केलं!"

"केलं," डाव्यानं मान्य केलं. "मी त्यांचं मीठ खाल्लंय."

खाल्ल्या मिठाला जागणं चूक आहे, असं नांदवाडीच्या भर मैदानात कोण म्हणणार? सर एवढंच म्हणाले की पोरगी आमची आहे. सुवर्णा म्हणाली, "पोरगी तुमची, पण डावा आमचा." पंच जुने होते. त्यांनी निर्णय दिला की त्रिशला दोन्ही संघांकडून खेळेल, आणि तिचा भार ज्या पायावर असेल त्या पायाच्या गावाला गोल मिळेल. दोन्ही बाजूंनी निर्णय स्वीकारला आणि खेळ पुढं सुरू झाला.

त्रिशला त्या दिवशी जशी खेळली तशी नांदवाडीत कुणी खेळलेलं नव्हतं. बाकावर साचलेलं सगळं तिच्या पायांतून बाहेर पडत होतं. डावा तिला ओढून न्यायचा, उजवा परत आणायचा. उजवा इमानदार होता, पण सरळमार्गी. डाव्याला लहर यायची. शेवटच्या मिनिटाला तीन-तीन अशी बरोबरी होती आणि चकती पुन्हा तिच्याकडं आली. समोर फक्त माळेवाडीची गोलरक्षक होती. सगळं गाव ओरडत होतं, "उजवा! उजवा टाक!"

त्रिशलाला ऐकू येत होतं. गाव तिचं होतं, सर तिचे होते, आत्ती पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. उजव्यावर भार टाकला की गाव जिंकणार होतं आणि गोल कसाबसा झाला असता. पण बर्फावर भरधाव जाताना माणूस हिशेब करत नाही. जो पाय आपला वाटतो त्याच्यावर तो विश्वासानं रेलतो. ती डाव्यावर रेलली. चकती गोलरक्षकाच्या खांद्यावरून गेली आणि जाळी थरथरत राहिली.

माळेवाडी जिंकली. नांदवाडीचे लोक टाळ्या न वाजवता घरी गेले. आत्तीनं संध्याकाळी स्वयंपाक केला, पण ताट वाढताना त्रिशलाकडं बघितलं नाही.

त्याआधी शेडमधून निघताना पुण्याच्या बाई तिच्याजवळ थांबल्या होत्या. "तुमची निवड झाली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे डाव्या बाजूची. उजवी बाजू ठीक आहे, मेहनती आहे, पण तशा आमच्याकडं पुष्कळ आहेत. ती राखीव राहील."

"म्हंजे अर्धीच?" त्रिशलानं विचारलं.

"अर्धी."

त्रिशलानं क्षणभर विचार केला. आजवर ती अख्खी राखीव होती.

"मी येतो की," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी शिबिराला जायला ती एसटीत चढली. खिडकीची जागा डाव्या हाताला होती. तिथं ती अर्धी बसली, आणि उरलेली अर्धी पुण्यापर्यंत उभी राहिली.