ऑन म्हणजे चालू, ऑफ म्हणजे बंद!

खर्रर्र!

भर दुपारच्या शांततेत मांडणीवरची स्टीलची ताटली वाजली. म्हणजे ताटलीवरचा मोबाईल थरथरला. पडेगावातल्या आमच्या रो हाऊसमध्ये रेंज फक्त त्या ताटलीपाशी येते, म्हणून मोबाईल तिथंच, नैवेद्यासारखा ठेवलेला असतो. मंजू आत्ताच कुठं झोपली होती. ही आमची लेक, जूनला पहिलीत जाणार. ती झोपली की आमच्या घरात श्वासही चपला बाहेर काढून येतो! मी तिच्या मुठीतून माझ्या ओढणीचं टोक हळूच सोडवलं आणि चवड्यांवर पळाले.

मेसेज नानासाहेब सरांचा होता. अख्खा इंग्रजीत!

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. पण इंग्रजीची किल्ली माझ्याकडं आहे. तुम्हाला म्हणून सांगते. लोक गेट अप, गेट ऑन, पुट ऑफ, पुट आऊट असलं पाठ करून केस पिकवतात. कशाला? घरातला विजेचा बोर्ड बघा! क्रियापद म्हणजे यंत्र, आणि त्याच्या शेपटीला लोंबणारा बारका शब्द म्हणजे बटण. ऑन म्हणजे चालू, ऑफ म्हणजे बंद. इन आत, आऊट बाहेर. अप वर, डाऊन खाली. जोडा आणि बोला! कन्नड गावच्या कॉलेजात बी.ए. करताना मी हे सूत्र शोधलं आणि तेव्हापासून माझं कुठंही अडलं नाही. कुणी कधी इंग्रजीत बोललंच नाही, हा भाग वेगळा.

नानासाहेब सर म्हणजे उस्मानपुऱ्यातले इंग्रजी बोलायला शिकवणारे. त्यांच्या क्लासात बायकांच्या दुपारच्या बॅचला मॅडम हवी होती. आणि वेळ कोणती? मंजूच्या शाळेची! तिला सोडायचं, शिकवायचं, तिला घेऊन घरी यायचं. देवानं माझ्या मापाची शिवलेली नोकरी! 'बद्रीनाथची बायको' आणि 'मंजूची मम्मी' या दोन्ही पदांवर मी सुखात आहे, पण तिथं माझं स्वतःचं नाव कुणी घेत नाही हो!

आज संध्याकाळी माझा डेमो होता, आमच्याच घरी. विद्यार्थिनी दोन: माझ्या सासूबाई आवडाबाई आणि शेजारच्या नसरीनभाभी. मी दोघींना हाक मारली आणि मेसेज वाचून दाखवला.

"मॅडम, लेट अस कॉल ऑफ द डेमो. आय विल जस्ट ड्रॉप इन ॲट फाइव्ह. प्लीज डोन्ट पुट ऑन एनीथिंग फॉर मी."

"काय म्हणतोय त्यो?" सासूबाईंनी विचारलं. "नोकरी लागंल का नाय?"

"थांबा आत्याबाई, बटणं लावू द्या. कॉल म्हणजे फोन, ऑफ म्हणजे बंद. डेमोच्या वेळी फोन बंद ठेवा!"

"बरुबर हाय. निस्ता वाजत असतोय."

"ड्रॉप म्हणजे टाकणे, इन म्हणजे आत. पाच वाजता मी आत टाकीन. काय टाकतील?"

"ऑर्डर!" नसरीनभाभी ओरडल्या. "खिडकी में से नोकरी की ऑर्डर डालते क्या की!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. छुपी तपासणी! सर घरात येणारच नाहीत. बाहेरून माझं शिकवणं ऐकतील, पसंत पडलं तर खिडकीतून ऑर्डर टाकतील आणि निघून जातील! केवढा डोकेबाज माणूस!

"आणि हे शेवटचं," मी म्हणाले, "डोन्ट पुट ऑन एनीथिंग. ऑन म्हणजे चालू. माझ्यासाठी काहीही चालू ठेवू नका. पंखा, कुलर, दिवे, सगळं बंद. आवाज नीट ऐकू यायला पाहिजे ना!"

नसरीनभाभी मात्र माझ्याजवळ सरकल्या. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाभी, बुरा नक्को मानो. हमारे स्कूल में टीचर बोलते थे, पुट ऑन युअर शूज. पुट ऑन मतलब पहनना."

"म्हंजे?" सासूबाई.

"मतलब... मेरे वास्ते कुछ भी मत पहनो."

मांडणीवरच्या ताटलीलाही घाम फुटला!

"काय?" सासूबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून आवळला. "त्याच्यासाठी काय नेसू नका? मेल्याच्या त्वांडात माती! पिकल्या वयाचा मास्तर, आन् ह्यो धंदा?"

"अहो नाही आत्याबाई! ऑन म्हणजे चालू!"

"चालूच हाय त्यो! लई चालू!"

माझं सूत्र असं माझ्याच अंगावर उलटलं. शेवटी कशीबशी तडजोड झाली. मी मेन स्विच पाडायचा, नसरीनभाभींनी बुरखा चढवून बसायचं आणि सासूबाईंनी खिडकीशी पहारा द्यायचा. एका हातात ऑर्डर झेलायला सूप, दुसऱ्या हाताशी कुलरमध्ये ओतायला भरलेली पाण्याची बादली. "कागद टाकला तर सूप," त्या म्हणाल्या, "आन् नजर टाकली तर बादली!"

पाच वाजत आले. एप्रिलचं ऊन, पंखा बंद, पडदे ओढलेले. आम्ही तिघी पुरणासारख्या शिजत होतो! मंजू उठून माझ्या मांडीवर येऊन बसली होती आणि ओढणीनं मलाच वारा घालत होती. मी घसा खाकरून मोठ्यानं शिकवायला लागले, "गेट अप म्हणजे वर मिळवा! गेट डाऊन म्हणजे खाली मिळवा!"

बाहेर नानासाहेब सर आले. पुढचं सगळं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. आधी त्यांनी फाटकाशी उभं राहून फोन लावला. फोन बंद. मग बेल दाबली. मेन स्विच पाडलेला, बेल वाजणार कशी? आतून तर बाईचा आवाज येतोय, 'खाली मिळवा, खाली मिळवा!' घरात काही बरंवाईट चाललंय की काय, म्हणून ते बिचारे खिडकीपाशी आले, पडदा बोटभर सरकवला आणि आत डोकावले.

"हात मेल्या!"

धबाक्! अख्खी बादली! मागोमाग सूप, तेही गजांवर आपटून परत आमच्याकडंच आलं.

मी दार उघडलं. पायरीवर सर उभे. चष्म्यातून पाणी, कोपरांतून पाणी, मिशीच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब.

"मॅडम," सर थरथरत म्हणाले, "आय ॲम व्हेरी मच पुट आऊट!"

पुट म्हणजे ठेवणे, आऊट म्हणजे बाहेर! मी कळवळून म्हणाले, "नाही हो सर, तुम्हाला बाहेर कोण ठेवतंय? आत या ना!"

मागून नसरीनभाभी कुजबुजल्या, "पुट आऊट मतलब बुझाना, भाभी. आग पुट आऊट करते ना."

"मंग?" सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "इझवलंच की म्या त्याला!"

मेन स्विच वर केला. सरांचा सदरा कुलरसमोर वाळत घातला. यांचा एकही शर्ट सरांच्या पोटावर बसेना, म्हणून सर टॉवेल पांघरून खुर्चीत बसले. सासूबाई चहा ठेवता ठेवता पुटपुटल्या, "दुसऱ्याला म्हणायचं काय घालू नका, आन् सोताच उघडा बसला!"

सरांनी चहाचा घोट घेतला आणि एकेक सांगत गेले. कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे. ड्रॉप इन म्हणजे सहज जाता जाता येणे. पुट ऑन म्हणजे इथं थाटमाट, खाण्यापिण्याची खटपट, ती करू नका.

"आणि पुट आऊट?" मी विचारलं.

"नाराज होणे. मॅडम, असलं बटण कुठं नसतं हो! तोच शब्द, शेजारी कोण बसलंय त्यावर त्याचा सगळा स्वभाव बदलतो."

म्हणजे आमच्या आत्याबाईंसारखंच की! माहेरी लोणी, आमच्याकडं मिरची, नातीजवळ गूळ! पण हे मी मनातच ठेवलं. बादली अजून जवळच होती.

"पण सर, डेमो रद्द का केला?"

"अहो, परवा फोनवर तुमचं बोलणं ऐकलं. किती धीट, किती गोड बोलता! म्हटलं, या बाईंचा कसला डेमो घ्यायचा? तुम्हालाच घ्यायचं ठरवलं होतं मी. नुसतं सांगायला आलो होतो."

मी चहाची कपबशी खाली ठेवली.

"मग... आता?"

सर उठले. अर्धा ओला सदरा अंगात चढवत म्हणाले, "जूनपासून या. दुपारच्याच बॅचला."

"शिकवायला?"

"शिकायला. पहिला बाक रिकामा ठेवतो."

आणि गेले! नसरीनभाभीही बुरखा सावरत निघाल्या. फाटकापर्यंत त्यांचं हसू ऐकू येत होतं.

रात्रीच्या स्वयंपाकाला मी असं पीठ तिंबलं, की परातीनं हात जोडले असते! "येडी भाषा!" मी धुसफुसले. "दोन अक्षरांची शेपटी बदलली की अख्खं जनावर बदलतं! आपली मराठी बघा, कशी सरळ! जो शब्द, तोच अर्थ!"

दाराआड सासूबाई मंजूला दबक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या. थोड्या वेळानं मंजू आली. एका हातात हळदीची डबी, दुसऱ्या हातात तिचा लाडका रुमाल. तिनं माझे पिठाळ हात उलटे-सुलटे करून पाहिले. कोपर पाहिलं. खाली बसून दोन्ही गुडघे पाहिले.

"काय शोधते गं?"

"आजी म्हणली, मम्मीला त्रास नको देऊ, तिला लागलंय."

मी तिला पिठासकट जवळ ओढलं. "नाही गं राणी. नोकरी नाही ना लागली, म्हणून जरा..."

मंजूनं हळदीची डबी बंद केली. कपाळाला बारीक आठी घालून माझ्याकडं बघत राहिली.

"मम्मी, नोकरी तर लागलीच नाय. मग तुला लागलं कसं?"